जीप, फॉर्म २० आणि ओला टॉवेल

सोलापुरातल्या घरापासून जुन्या लष्करी गाड्यांच्या कॅम्पच्या शेतापर्यंत एकोणीस किलोमीटर. आजोबांची जीप तिथवर न्यायला मला फेब्रुवारी २०२५ ते जानेवारी २०२६ असे अकरा महिने लागले. मधल्या काळात जे कळलं ते कुणी एका जागी लिहून ठेवलेलं असतं, तर त्यातले तीन महिने नक्की वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. चार स्ट्रोकचं इंजिन वीस वर्षं फळ्यावर काढत आलेय, पण हातात पाना धरायची वेळ गेल्या वर्षीच आली.

जीप मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतावर, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या बऱ्याच गाड्या इथेच राहिल्या आणि विक्रीला निघाल्या. त्यातलीच ही एक, आजोबांनी पन्नासच्या दशकात एका ठेकेदाराकडून घेतलेली. तिच्यातून त्यांनी बी-बियाणं, कडबा, बाळंतिणी, नवरदेव असं सगळं वाहिलं. २००९ मध्ये ते गेले आणि तिचा ताबा कोंबड्यांनी घेतला. फेब्रुवारीत बाबा म्हणाले, "भंगारवाला पंचेचाळीस हजार म्हणतोय. काय ते एकदा ठरव."

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाशी बोलणं झालं. त्यांच्याकडे जोंगा आहे, म्हणजे लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी. जुन्या लष्करी गाड्या बाळगणारी आजूबाजूची मंडळी जानेवारीत दोन दिवस कुणाच्या तरी शेतावर तंबू ठोकून राहतात, हे त्यांच्याकडून कळलं. अटी दोनच. "गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, टेम्पोवर नाही. आणि कागद पाहिजेत."

मला वाटलं होतं, चाकांचं अवघड आणि कागदांचं सोपं.

मार्चमध्ये टेम्पोवर घालून जीप सोलापुरात आणली. साडेतीन हजार रुपये आणि माझी एक साडी गेली. आरसी बुक आजोबांच्या ट्रंकेत सापडलं. जुन्या पद्धतीचा तीन अक्षरी नंबर, शाई फिकी पडलेली, एका पानावर उंदराची दातखूण. आरटीओ कार्यालयात पहिल्या फेरीत कळलं की ही नोंद संगणकावर नाहीच. म्हणजे आधी 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यायची, मग आजोबांच्या नावावरून माझ्या नावावर, आणि मग विंटेजचा, म्हणजे जुनी जपलेली गाडी म्हणून नोंदणीचा अर्ज. हा क्रम उलटा करता येत नाही. मी करून पाहिला. थेट विंटेजचा अर्ज भरायला बसले आणि पोर्टलला माझ्या गाडीचा नंबरच ओळखू येईना. दोन रविवार त्यात गेले.

मालक वारल्यावर गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. फॉर्म २९ आणि ३० खरेदी-विक्रीचे. झेरॉक्सवाला हमखास तेच हातात देतो, तेव्हा फॉर्मवरचा नंबर स्वतः वाचून घ्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. माझ्या बाबतीत बाबा आणि दोन आत्या. पुण्याच्या आत्यानं चार दिवसांत सही करून कुरिअरनं पाठवली. गुलबर्ग्याच्या आत्याला तीन फोन केले. चौथ्या फोनला ती म्हणाली, "सही देते, पण आधी सांग, मला फिरवणार का तिच्यातून?" फिरवेन म्हटलं. अजून फिरवलेलं नाही, ते कर्ज डोक्यावर आहे.

नोंदणीची मुदत कधीच संपलेली, त्यामुळे विलंब शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागला. तो आकडा इथे लिहीत नाही, घरात भांडण होतं. तुमची गाडी अशीच पडून असेल तर पैसे भरायच्या आधी खिडकीवर हिशेब कागदावर मांडून मागा. मला तो शांतपणे मांडून दिला. मी तो पर्समध्ये घडी करून ठेवला आणि आठवडाभर उघडला नाही.

जूनमध्ये खरी गंमत झाली. आरसीवर गाडीचा मेक, म्हणजे बनवणारी कंपनी, म्हणून हातानं नुसतं 'जीप' लिहिलेलं. आमच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या ती 'विलीज', जीप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावानं. आजोबांना कुणी 'गाडी' म्हटलेलंसुद्धा चालायचं नाही, 'विलीज' म्हणायचं. चेसिस नंबर सापडत नव्हता, म्हणून मिस्त्रीकाकांनी पुढच्या बाजूची चिखल-वंगणाची पुटं घासली. विलीजमध्ये नंबराची पट्टी चेसिसच्या डाव्या दांड्याला आतून रिव्हेट केलेली असते. आमच्या गाडीत पट्टीच नव्हती. त्याऐवजी डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला नंबर ठोकलेला निघाला, आणि त्याची सुरुवात 'जीपीडब्ल्यू' अशी होती. मग मी टॉर्च घेऊन खाली सरपटले. रेडिएटरखालचा आडवा दांडा विलीजला गोल नळीचा असतो, आमचा उलट्या यू आकाराचा. बोल्टांच्या डोक्यांवर बारीक 'एफ'. म्हणजे गाडी फोर्डची!

युद्धात मागणी एवढी होती की विलीजच्या आराखड्यावर फोर्डनंही जीपा बनवल्या. दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार, त्यातल्या पावणेतीन लाखांच्या आसपास फोर्डच्या. बाबांना सांगितलं तर ते दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना मी उलगडून सांगितलं की 'जीपीडब्ल्यू'मधला जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ऐंशी इंच व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. "मग विलीजच की," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली.

कागदावर मात्र हे असं मिटत नाही. पेन्सिल घासून चेसिस नंबरचा छाप घेतला, त्या दांड्याचे आणि बोल्टांचे फोटो काढले आणि सोबत एक पानी अर्ज लिहून दिला. नंबर जुन्या पुस्तकाशी तंतोतंत जुळत होता, त्यामुळे मेकची दुरुस्ती होऊन गेली. जुन्या गाडीच्या बाबतीत नावगाव, मॉडेल, साल यांपेक्षा चेसिस नंबर जुळणं महत्त्वाचं. तो गंजलेला असेल तर ग्राइंडर लावू नका. रॉकेल आणि पितळी ब्रश. अक्षरं उडाली की गाडीची ओळखच गेली.

यंत्राचं काम त्या मानानं आनंदाचं होतं. इंजिन जाम नव्हतं. स्पार्कप्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं, तीन दिवस तसंच ठेवलं आणि चौथ्या दिवशी हँडलनं ते फिरलं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळायचा नाही. इंजिन उलटं उसळलं तर अंगठा मोडतो. मिस्त्रीकाकांनी हे मला सहा वेळा सांगितलं आणि सातव्या वेळी स्वतःचा वाकडा अंगठा दाखवला.

वॉटर पंपाचा शाफ्ट आणि पुढच्या चाकांची बुशं बाजारात मिळेनात. कुणी दिल्ली सांगे, कुणी मुंबई. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेले. तो आयुष्यभर मागांचे सुटे भाग करत आलेला, टॉवेलचे आणि चादरीचे. जुनं बुश बोटांत फिरवून म्हणाला, "ताई, मागाचा भाग एका शिफ्टमध्ये जेवढा घासतो तेवढं हे वर्षात घासणार नाही. पितळात करू का गनमेटलमध्ये?" गनमेटलमध्ये केलं. चार बुशं आणि शाफ्ट मिळून २,६०० रुपये. सोलापुरात राहून सुट्या भागांसाठी दिल्लीला फोन लावत बसले होते, याची अजूनही लाज वाटते.

पेट्रोलच्या नळ्यांचं सांगायलाच हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. फ्युएल पंपाचा पडदा आणि होजपाइप दोन महिन्यांत मऊ पडून गळायला लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या उसानं आमचीच जीप खायला घेतली! इथेनॉल सोसणारी होज मागून घ्या, 'कुठलीही चालते' म्हणणाऱ्या दुकानातून निघून या.

मग रंग. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त दिवस काढले. बॉनेटवरचा रंग खरवडला तेव्हा वरून निळा ऑइलपेंट निघाला, त्याखाली क्रीम, त्याखाली तांबडा आणि सगळ्यात खाली तो, फौजी हिरवा. पेंटरनं विचारलं, "आर्मी कलरच मारायचा ना?" मी हो म्हणणारच होते. पण मोटार वाहन नियम चाळायची सवय एव्हाना लागली होती. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. आणि विंटेजची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. झाली ना पंचाईत! मूळ रंग बेकायदा, आणि मूळ रूप सक्तीचं.

अट पुन्हा पुन्हा वाचल्यावर वाट सापडली. मोठा फेरबदल नको असं जे म्हटलंय ते चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांबद्दल. रंगाचा त्यात उल्लेख नाही. "सगळेच मारतात, कोण बघतंय," असं म्हणणारे चार जण भेटले. बघत नसतीलही. पण हायवेवर कुणी अडवलं तर शाळेतली बाई तिथे काय उत्तर देणार? शेवटी मातकट खाकी ठरवला, रब्बीची ज्वारी काढल्यावर रानात धसकटं राहतात तसा. आरसीवर रंगाची नोंद बदलून घेतली. हेही विसरू नका, कागदावर निळी आणि समोर खाकी उभी राहिली तर तपासणीत अडकते. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला हाताच्या पंजाएवढा मूळ हिरवा तुकडा मात्र ठेवला आहे, वरून लॅकर मारून.

ऑगस्टमध्ये विमा. २,१९९ सीसी म्हणजे दीड हजाराच्या वरची गाडी, तिचा थर्ड पार्टीचा दर ७,८९७ रुपये. अठरा टक्के जीएसटी धरून ९,३१८. विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला यात निम्मी सूट आहे, पण विंटेजच्या अर्जालाच चालू विमा जोडावा लागतो. म्हणजे पहिल्या वर्षी पूर्ण भरायचे आणि सूट पुढच्या वर्षी. एका विमा कंपनीच्या माणसानं तर १९४४ हे साल संगणकात बसत नाही म्हणून १९८४ टाकू का विचारलं. नको म्हणून दुसरीकडे गेले. पॉलिसीवर साल चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

विंटेजचा अर्ज फॉर्म २० वर, परिवहनच्या पोर्टलवरून. २०२१ च्या जुलैमध्ये हे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा नंबर राहिला, आणि खरं सांगायचं तर वीस हजार मी त्यासाठीच भरले.

तपासणीला गाडी घेऊन गेले तेव्हा हात थरथरत होते. चेसिस, इंजिन, दिवे, ब्रेक पाहिले. ही जीप डाव्या स्टिअरिंगची, आणि तशा गाडीला इशारा द्यायचं चालू साधन असल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही (मोटार वाहन कायदा, कलम १२०). म्हणून चार लहान इंडिकेटर बसवले होते. बॅटरी सहा व्होल्टची आणि बाजारात सगळं बारा व्होल्टचं, त्यामुळे फ्लॅशर शोधण्यात नवऱ्याचे दोन शनिवार गेले. तपासणारे साहेब इंडिकेटर पाहून 'हं' म्हणाले आणि मग बराच वेळ नुसते गाडीभोवती फिरले. शेवटी विचारलं, "पेट्रोल कुठून भरता?" टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा हसले. नियमात साठ दिवसांत फॉर्म २३-अ मध्ये प्रमाणपत्र द्यायचं म्हटलंय, मला एक्कावन्नाव्या दिवशी मिळालं. दिवाळी झाली होती.

इतकं झाल्यावर वाटतं, आता कुठेही जावं. तसं नाही. विंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल, दुरुस्ती आणि त्यासाठीचं येणं-जाणं, एवढंच. भाजी आणायला नाही. म्हणून आमच्या कॅम्पमध्ये रविवारी सकाळी गावकऱ्यांसाठी आणि शाळेच्या पोरांसाठी गाड्यांचं रीतसर प्रदर्शन ठेवलं होतं, आणि तसं पत्र प्रत्येकाच्या गाडीत होतं. मूळ कागद घरी ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा, पण टाकीच्या बाजूला नाही.

डिसेंबरात परवानग्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण अर्ज लिहिण्यात माझा हात बसलाय असं सर्वांचं मत झालं होतं. शेतमालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला पत्र. त्यात गाड्यांची यादी, माणसांची संख्या, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, शस्त्रं किंवा त्यांच्या प्रतिकृती नाहीत, कुणीही गणवेश घालणार नाही, असं सगळं लिहिलं. गणवेशाचं मुद्दाम लिहिलं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे, आणि हौशी माणसाला कुठे थांबायचं ते कळतंच असं नाही. नंबरप्लेटवर लष्करी बाण काढून आणलेल्या एका तरुणाला जुन्या मंडळींनी तो तिथेच पुसायला लावला. जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा असते, पोलिसांना श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून पत्र तीन आठवडे आधी दिलं. पोच घ्या. पोचेचा फोटो काढा.

खर्चाला माणशी १,८०० रुपये काढले. त्यात जेवणं, पाण्याचा टँकर आणि दोन तात्पुरती स्वच्छतागृहं. बायका कॅम्पला का येत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा या शेवटच्या दोन शब्दांत असतं. यंदा आम्ही पाचजणी होतो.

शनिवार, १० जानेवारी. साडेनऊला जुळे सोलापुरातून निघालो. मी डावीकडे स्टिअरिंगवर, नवरा उजवीकडे, मागे मुलगी आणि सामान. डाव्या स्टिअरिंगला ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे उजवीकडच्या माणसानं "थांब", "चल" एवढे दोनच शब्द बोलायचे असं ठरलं होतं. सात रस्त्याला पोहोचेपर्यंत तो "अगं", "बघ", "अरे देवा" एवढं सगळं बोलून झाला होता. होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहात होते. चार पुतळ्यांपाशी हुतात्मा दिनासाठी झाडलोट चालली होती. १९३० मध्ये याच शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फासावर दिलं. तिथून फौजी जीप नेताना मी नकळत वेग कमी केला. रंग खाकी केला ते बरंच झालं असंही वाटून गेलं, का ते नीट सांगता येणार नाही.

तुळजापूर नाक्याच्या गर्दीत अर्धा तास रखडलो आणि मार्केट यार्डाच्या पुढे, मागे उसाची ट्रॉली असताना, इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. स्टार्टर फिरतोय, पेट्रोल आहे, स्पार्क आहे. रस्त्याच्या कडेला माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. फ्युएल पंप एक्झॉस्टच्याच बाजूला असतो. हळू चालीत इंजिन तापतं, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. मुलीचा टॉवेल, आपला सोलापुरी, जाडजूड, कॅनमधल्या पाण्यात बुडवून पंपावर आणि नळीवर गुंडाळला. बारा मिनिटं थांबलो. तेवढ्यात एक रिक्षावाला, दोन हमाल आणि एक आजोबा जमले. आजोबा म्हणाले, "कुठं निघालाव? धक्का देऊ का?" धक्का लागला नाही. दुसऱ्या दणक्याला जीप सुरू झाली. तो टॉवेल आता गाडीतच असतो, मुलीनं परत घ्यायला नकार दिलाय.

हिप्परग्याचा तलाव डाव्या हाताला ठेवून कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा पावणेबारा झाले होते. शेतात नऊ गाड्या आधीच लागलेल्या. तीन जोंगा, एक दुसरी जीप, एक वन टन निसान ट्रक, दोन बीएसए एम २० मोटारसायकली, बाकी महिंद्राच्या. शक्तिमान हा लष्करी ट्रकही येणार होता, पण मालकानं डिझेलचा हिशेब केला आणि मोटारसायकलवर आला. जोंगा म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. मूळची निसानची 'पॅट्रोल' नावाची गाडी, सहा सिलिंडरची, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली. आवाज असा की माझी जीप शेजारी शिवणयंत्र वाटावी. तिच्या मालकांचं दुखणं वेगळं आहे. गाडी १९७४ ची, पण लष्कराच्या लिलावातून सुटून साध्या आरटीओत पहिली नोंद झाली ती नव्वदच्या दशकात. पन्नास वर्षं मोजायची कुठून? ते सध्या नेहमीच्या पुनर्नोंदणीवर गाडी चालवतात. लिलावातली गाडी घेणार असाल तर सुटकेचा कागद, लिलावाची पावती आणि पहिल्या नोंदीची तारीख बघूनच पैसे द्या.

दुपारी तंबू. पुण्याहून आलेल्यांकडे दोन मिनिटांत उघडणारे, आमच्याकडे ताडपत्री आणि बांबू. रात्री थंडी पडली आणि त्यांच्या झोपायच्या पिशव्यांवर दव उतरलं, तेव्हा आमच्या दोन जास्तीच्या सोलापुरी चादरी भाड्यानं द्याव्यात असं मुलीनं सुचवलं. आगटी पेटवली, गोवऱ्यांवर कणसं भाजली. गरम हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ. रविवारी पोट बिघडल्याची तक्रार करणारे सगळे हुरड्यावर पाणी पिणारे होते.

नऊच्या सुमाराला एका जोंग्याचं पॉइंटचं काम निघालं आणि टॉर्चचे सेल बसलेले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "फोर्डला आणा पुढे." या जीपांचे हेडलाइट बिजागरीवर असतात. एक पंखाचा नट (विंग नट) सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि स्वतःच्याच इंजिनावर उजेड टाकतो. मी जीप शेजारी लावली, बॉनेट उघडलं, दिवे उलटे केले. पिवळट सहा व्होल्टचा उजेड पडला आणि पाच-सहा डोकी जोंग्याच्या इंजिनात वाकली. सकाळी रस्त्यात बंद पडलेली गाडी घेऊन आलेली नवखी बाई म्हणून मी दिवसभर जरा मागेमागेच होते. त्या उजेडात कुणी मला पान्याचा नंबर विचारला आणि मी न बघता दिला.

रविवारी आठपासून गाव लोटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं, त्यांचे गुरुजी, म्हाताऱ्या बायका. "रणगाडा कुठाय?" हा प्रश्न मी किमान तीस वेळा ऐकला. त्यात एक गृहस्थ आले, पासष्टीच्या पुढचे, पांढरी टोपी, काठी. कुणाशी न बोलता ते एका जोंग्यापाशी गेले, टायरवर मूठ आपटून पाहिली, तेलाची काडी ओढली, पुसली, परत ओढली. मग मालकाला विचारलं, "फर्स्ट परेड झाली का हिची?" लष्करात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सकाळी गाडी हलवायच्या आधी तेल, पाणी, हवा, बेल्ट, गळती बघायची, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. आम्ही अकरापैकी दोघांनीच ते केलं होतं, आणि मी त्या दोघांत नव्हते.

माझ्या जीपपाशी येऊन त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला. हिरव्या तुकड्यावर बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, कार डायरी कुठाय?"

"ती काय असते?"

"गाडी कुठं गेली, किती चालली, किती तेल प्याली. लिहायचं. न लिहिता गाडी गेटाच्या बाहेर जात नाही."

मी वहीचं एक पान फाडून पुढे केलं. रकाने त्यांनीच आखून दिले, पट्टी नव्हती म्हणून काठीच्या कडेनं.

अकराला आवरतं घेतलं. राख विझवली, कचरा गोणीत भरून परत आणला, शेतमालकाच्या आईच्या पाया पडलो. परतीच्या वाटेवर जीप एकदाही बंद पडली नाही. गर्दीची वेळ टाळली होती आणि ओला टॉवेल निघतानाच गुंडाळला होता.

त्या रात्री पहिली नोंद केली. या गाडीचा आकडा किलोमीटरमध्ये नाही, मैलात आहे, तो तसाच ठेवलाय. तारीख १०-११ जानेवारी. सोलापूर ते हिप्परग्यापुढचं शेत आणि परत. चोवीस मैल. पेट्रोल सुमारे सहा लिटर. शेरा: मार्केट यार्डाजवळ वाफेमुळे बंद, बारा मिनिटं. पुढचं काम: पावसाळ्याआधी कापडी टप शिवून घेणे. जाड कॅनव्हास शिवणारा, पितळी आयलेट बसवून देणारा कुणी शहरात माहीत असेल तर कळवा. तंबूवाले नको म्हणतात, आणि बॅगवाल्यांची मशीन एवढं कापड ओढत नाही.